न्डुटूच्या गवतावर: जन्म, पाठलाग आणि निसटणं

आफ्रिकेची सफारी म्हटलं की बहुतेकांना मारा नदी आठवते, तिच्यातल्या मगरी आणि काठावरून उड्या टाकणारे कळप. तो देखावा साधारण जुलै ते ऑक्टोबरचा आणि सेरेंगेटीच्या उत्तर टोकाचा. आम्ही मुद्दाम फेब्रुवारी निवडला आणि टांझानियात, सेरेंगेटीच्या मैदानाच्या दक्षिण टोकाला असलेल्या न्डुटूला गेलो. कारण माझा पेशा. मी जनावरांची डॉक्टर. कोल्हापूर भागात अडलेल्या गाई-म्हशी सोडवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. जिथं दोन-तीन आठवड्यांत वाइल्डबीस्टची, म्हणजे गाईच्या चणीच्या आफ्रिकी हरणांची, लाखो वासरं जन्माला येतात, आणि जन्मल्या क्षणापासून ज्यांच्यावर कुणी ना कुणी टपलेलं असतं, ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची होती. बरोबर नवरा आणि कॉलेजात शिकणारी लेक.

अरुषाहून वर

मुंबईहून अदिस अबाबामार्गे किलिमांजारो विमानतळ आणि तिथून अरुषा. या मार्गानं जाणार असाल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात टोचून घ्या आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. आपल्याला चपला, लाडू, चिवडा सगळं पिशवीत गुंडाळायची सवय, तेव्हा कापडी पिशव्या न्याव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आमचा गाइडच गाडी चालवत होता. चाळिशीचा, शांत माणूस. नवऱ्याला 'बाबा' आणि मला 'मामा', म्हणजे आई, म्हणायचा. तिकडे वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. कराटू गाव सोडलं, गोरोंगोरोच्या संरक्षित क्षेत्राच्या दारावर कागद दाखवले आणि चढ लागला. ज्वालामुखीच्या कड्यावर, सव्वादोन हजार मीटरच्या आसपास, इतकं धुकं आणि गारठा की आम्ही बॅगेतून स्वेटर काढून घातले. विषुववृत्ताजवळचा देश म्हणून कुणी नुसते सुती कपडे भरू नयेत.

कड्याच्या पलीकडे उतरताना रस्त्याकडेला मसाई गुराखी दिसला. लाल शाल, हातात काठी, पुढे वशिंड असलेली बारीक चणीची गुरं. मी गाडी थांबवायला सांगितली. गुरं बघून मला पुढे जाववत नाही. गाइडनं आधी गुराख्याची परवानगी विचारली, मग आमच्यात दुभाष्या झाला. खाली मैदानात एवढं हिरवंगार कोवळं गवत असताना ही गुरं वर चढावर का, असं मी विचारलं. तो म्हणाला, खाली न्युम्बू, म्हणजे वाइल्डबीस्ट, व्यायल्या आहेत. त्यांची वार पडते, त्या गवतात गुरं चारली की मरतात. वासरांचा रंग बदलला की आम्ही खाली जातो.

मी हे पुस्तकात वाचलं होतं. वाइल्डबीस्टच्या अंगात एक विषाणू असतो. त्याचा त्यांना काही त्रास होत नाही, पण तो गाईबैलांत शिरला तर ताप येतो, डोळे पांढुरके होतात, नाकातोंडातून स्राव वाहतो आणि जनावर सहसा वाचत नाही. संशोधकांना तो प्रामुख्यानं कोवळ्या वासरांच्या नाकाडोळ्यांच्या पाण्यात सापडला, आणि ती तीन-चार महिन्यांची झाली की तो पसरणं जवळजवळ थांबतं. वासरांचा पिवळट तपकिरी रंग जाऊन करडा येतो तोही त्याच सुमाराला. वार असो की नाकातलं पाणी, गुराख्याचं वेळापत्रक बरोबर होतं. सिंहापेक्षा हे दुधावरचं वासरू त्या माणसाच्या गोठ्याला जास्त महाग पडू शकतं, आणि म्हणून वर्षातलं सगळ्यात चांगलं गवत तो दर साली सोडून देतो. त्यानं मला उलट विचारलं, तुमच्याकडे गाय किती दूध देते? मी आकडा सांगितला. तो बराच वेळ हसला. गाइड म्हणाला, त्याचा विश्वास बसलेला नाही.

ओल्डुवाई घळीपाशी थोडा वेळ थांबलो. पुरातत्त्वशास्त्रज्ञ मेरी लीकी यांना १९५९ मध्ये इथंच आदिमानवाची ती प्रसिद्ध कवटी मिळाली. छोटं संग्रहालय नीटनेटकं आहे, तासभर हाताशी ठेवावा. संध्याकाळी बाभळींच्या रानातल्या तंबूत पोचलो. जेवायला भात, राजम्यासारखी घट्ट उसळ, कोबी आणि चपाती. तिकडेही तिला चपातीच म्हणतात, आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबरी. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही.

न्डुटू, पहिली सकाळ

उजाडायच्या आत बाहेर पडलो. रान संपलं आणि समोर नुसतं मैदान. घोट्याएवढं गवत आणि क्षितिजापर्यंत जनावरं. आवाज आधी ऐकू येतो, हजारो नाकांतून निघणारं घुं-घुं. इथं झाड का नाही, तर गोरोंगोरोच्या बाजूच्या ज्वालामुखींची राख वाऱ्यानं येऊन हजारो वर्षं साचली, तिचा खाली कठीण थर झाला, त्यातून झाडाची मुळं जात नाहीत. त्याच राखेमुळं गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. व्यालेल्या म्हशीला कॅल्शियम कमी पडलं तर दुग्धज्वर होऊन ती कशी मान टाकते, हे गोठ्यात ज्यांनी पाहिलंय त्यांना या कळपांचं इथं येणं समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय आडोसा नाही, म्हणजे शत्रू लांबून दिसतो.

नऊच्या सुमारास एक मादी कळपाच्या कडेला आडवी झाली. दोन खूर बाहेर आले होते. ती उठली, चार पावलं चालली, पुन्हा बसली. गाइड कुजबुजला, या काळात धोका दिसला तर ती कळा दाबून पळू शकते. डोकं बाहेर आलं की मग इलाज नाही. माझे हात नकळत पुढे आले होते. काहीच करावं लागलं नाही. वासरू पडलं, तिनं चाटलं. लेकीनं घड्याळ लावलं होतं. चार वेळा तोंडावर पडून सातव्या मिनिटाला ते चार पायांवर उभं राहिलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत आईच्या मागे पळायला लागलं. आपल्या गाईचं वासरू धडपणे उभं राहायला अर्धा-पाऊण तास घेतं, आणि आपण त्याला निरोगी म्हणतो.

तेवढ्यात तरस आलं. एकटं, मान खाली घालून, घाई नसल्यासारखं. आधी ते वार खाईल असं वाटलं. ते कळपाच्या आतच घुसलं. सगळा कळप फाटला आणि त्या फटीत एक वासरू आईपासून दोन हात मागे राहिलं. तरसानं वेग धरला. आई वळली आणि शिंगं खाली करून सरळ त्याच्या अंगावर गेली. तरस बाजूला झालं, पुन्हा आलं, आई पुन्हा आडवी. तिसऱ्या वेळी वासरू कळपाच्या दाटीत शिरलं आणि त्या हजारो सारख्या पिवळट पाठींत तरसाला कुठलं ते कळेना. ते थांबलं, जीभ बाहेर काढून उभं राहिलं, आणि निघून गेलं.

एकाच वेळी सगळ्यांनी व्यायचं, ते यासाठी. दोन-तीन आठवड्यांत चार-पाच लाख वासरं आली तर सिंह, तरस, चित्ते मिळून किती खाणार? पोटं भरतात आणि उरलेली वासरं वाचतात. जी मादी महिनाभर उशिरा विते, तिचं वासरू एकटं उठून दिसतं आणि बहुतेक जातं.

दुपारच्या डब्याच्या वेळी लेकीनं विचारलं, एवढी जनावरं आहेत, मग वाघ-सिंह संपवत कसे नाहीत? तिला मी बुळकांडीची गोष्ट सांगितली. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हा रोग अजून आठवतो. गोठेच्या गोठे रिकामे करायचा. १८९० च्या दशकात तो पूर्व आफ्रिकेत पसरला, गुरं मेली, त्यांच्यामागे मसाई माणसं उपासमारीनं मेली, आणि वाइल्डबीस्ट, रानम्हशीही. पुढे सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना लस टोचली गेली, १९६० च्या दशकात रोग जंगलातूनही हटला. १९६१ च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेली वाइल्डबीस्ट १९७० चं दशक संपेपर्यंत तेरा लाखांवर गेली. सिंहांनी ती कधी आवरून धरलेली नव्हती. लस जंगली जनावराला एकदाही टोचली नाही. टोचली ती गाईबैलांना. आज इथली बहुतेक वाइल्डबीस्ट मरतात ती कोरड्या दिवसांत, गवत कमी पडून. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं तेव्हा आमच्या दवाखान्यात आम्ही पेढे वाटले होते. त्या पेढ्यांचा एक वाटा या मैदानाचा होता, हे मला इथं बसून उमगलं.

दोन कोल्हे आणि एक आई

वाइल्डबीस्टचं वासरू आईमागे पळतं. टॉमीचं, म्हणजे थॉमसन्स गॅझेलचं, पाडस उलट करतं. ते गवतात दडून, अंग जमिनीला चिकटवून पडून राहतं. आई लांब चरते आणि फक्त पाजायला येते. आम्ही निघायच्या तयारीत होतो तेव्हा गाइडनं दुर्बीण माझ्या हातात दिली. काळ्या पाठीच्या कोल्ह्यांची जोडी नाक खाली घालून गवत विंचरत होती. दूर एक टॉमी मान ताठ करून त्यांच्याकडे बघत होती.

कोल्हे जवळ येत गेले तशी ती धावत आली आणि पुढच्या कोल्ह्याला तिनं शिंगांनी उडवलं. टॉमी मादीची शिंगं ती काय, काटक्या. तरी कोल्हा कोलमडला. तो उठून तिच्यापुढे नाचत राहिला आणि ती त्याच्या मागे लागली. दुसऱ्यानं तेवढ्यात शोध चालूच ठेवला. एक कोल्हा असता तर तिनं निभावलं असतं. पाडस उठलं, पळालं, आणि दुसऱ्या कोल्ह्यानं पाय धरला. आई परत आली, तिनं त्याला दोनदा धडक दिली. मग ती थांबली. काही वेळानं चरायला लागली.

गाडीत कुणी बोलत नव्हतं. सिंहाच्या शिकारीचं नाव मोठं असतं, पण या मैदानावर माझ्या मनातून जात नाही ती ही झटापट.

*त्सेत्से माशी:* बाभळीच्या रानात ती चावते, कपड्यांवरूनही. निळा आणि काळा रंग तिला ओढतो. खाकी, मातकट कपडे घाला; निळी जीन्स घरी ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. दुर्बीण प्रत्येकाची वेगळी हवी, घरात एकच असून भागत नाही. ऐन वेळी कुणीही ती हातची सोडत नाही.

चित्त्याची सकाळ

कोल्हापूरच्या माणसाला चित्ता परका नाही. संस्थानच्या काळात आमच्याकडे काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते, आणि देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. भारतातून चित्ता संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाचे आठ चित्ते कुनोत आले. हे सगळं माहीत असून, मोकळ्या गवतावर स्वतःच्या मर्जीनं चालणारा चित्ता पाहिला तेव्हा माझा श्वास अडकला.

मादी होती, दोन मोठी पिल्लं बरोबर. वाळवीच्या वारुळावर चढून बसली आणि मैदान न्याहाळू लागली. न्डुटूच्या या भागात गाडी रस्ता सोडून नेता येते, म्हणून गाइडची परीक्षा इथं असते. आमच्यानं गाडी बरीच लांब लावली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, आता वेळ तिची. आम्ही तिथं दोन तासांहून जास्त बसलो. ऊन चढलं, माशा आल्या, आम्ही शेंगदाण्याची चिक्की खाल्ली.

पहिला पाठलाग फसला. टॉमी नराला ती आधीच दिसली होती. तो चारी पाय ताठ करून जागच्या जागी उंच उड्या मारू लागला, तू दिसलीस असं तिला सांगत. ती चार ढांगा टाकून थांबली. दुसऱ्या वेळी ती पोटावर सरकत शंभर पावलांच्या आत गेली. मग काय झालं ते सांगायला मला जेवढा वेळ लागतोय तेवढाही ते टिकलं नाही. मादीच्या अंगाची एक रेघ झाली. टॉमी डावीकडे वळली, उजवीकडे वळली, आणि प्रत्येक वळणाला चित्त्याची शेपूट विरुद्ध बाजूला फेकली जात होती, सुकाणूसारखी. तिसऱ्या वळणावर पुढच्या पंजाचा फटका टॉमीच्या मागच्या पायाला बसला. धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा गळा धरलेला होता.

आणि मग ती खाऊ शकली नाही. तोंड उघडं, छाती भात्यासारखी हलत, शिकारीशेजारी नुसती पडून. एवढ्या धावेनंतर तिला श्वास जमवायला बराच वेळ लागतो आणि तीच तिची सगळ्यात नाजूक घटका. पिल्लांनी मात्र खायला सुरुवात केली. पंधराएक मिनिटांत दोन तरसं आली. ती उठली, केस फुलवून फिस्कारली, पण लढली नाही. जखमी चित्ता शिकार करू शकत नाही आणि शिकार नाही तर पिल्लं नाहीत. ती बाजूला झाली. सेरेंगेटीत झालेल्या एका अभ्यासात शंभरातली पाचेकच पिल्लं मोठी होईपर्यंत जगल्याचं आढळलं होतं, आणि त्यांना मारणाऱ्यांत सिंह सगळ्यात पुढे होते. या मादीनं दोन पिल्लं एवढी वाढवली होती. ते किती मोठं काम आहे हे मला तिच्या त्या माघारीतून कळलं.

परतताना एक हरवलेलं वासरू आमच्या गाडीमागे लागलं. आई चुकली की ती हलणाऱ्या कुठल्याही मोठ्या वस्तूमागे जातात. गाडीमागे, कधी तरसामागेसुद्धा. लेक रडायला लागली, त्याला उचलून कळपाशी सोडू या म्हणाली. गाइडनं मान हलवली. इथली मादी फक्त स्वतःचंच वासरू पाजते, दुसऱ्याला हुसकावते, वासानं ओळखते. हे मलाही माहीत होतं. त्यानं गाडी हळूहळू कळपाच्या दिशेनं घेतली, वासरू तिथवर आलं, आणि मग आम्ही वेग वाढवून निघालो. त्याच्यासाठी यापेक्षा जास्त करता येण्यासारखं नव्हतं.

सेरोनेरा

मधल्या सेरेंगेटीत एक मुक्काम. बाभळीवर बिबट्या दिसला आणि खाली इम्पाला हरणं चरत होती. रेडिओवर बातमी गेली, गाड्या आल्या, वीसेक तरी. एकानं इंजिन चालूच ठेवलं, दुसऱ्यानं गाडी झाड आणि कळपाच्या मध्ये घातली. इम्पालांनी माना वर केल्या आणि पांगल्या. बिबट्या संध्याकाळपर्यंत उतरला नाही. त्याचं त्या दिवसाचं जेवण आम्ही सगळ्यांनी मिळून घालवलं. सफारी ठरवतानाच गाइडला सांगून ठेवा की गर्दी झाली तर आम्हाला तिथून न्या, आमचं बघायचं राहिलं तरी चालेल. पाहुणा असं म्हणाला तर गाइडलाही हायसं वाटतं. आमच्यानं तसं बोलून दाखवलं.

गोरोंगोरोच्या पोटात

शेवटी विवर. सुमारे सहाशे मीटर खोल, एकोणीस-वीस किलोमीटर रुंद, आणि आत सिंह, तरस, रानम्हशी, गेंडे. जिराफ नाहीत. सहाला दार उघडतं तेव्हा रांगेत असावं.

खाली पोचलो तर झेब्र्याच्या कलेवरावर दोन सिंहिणी आणि एक नर, आणि भोवती पंधरा-वीस तरसं हीही करत. नवरा म्हणाला, आली फुकट खाऊ. गाइड पहिल्यांदाच जरा आवाज चढवून म्हणाला, नाही बाबा, जमीन बघा. ओल्या मातीत पाठलागाच्या खुणा होत्या. कितीतरी तरसांचे पंजे आणि मध्ये झेब्र्याचे खूर. शिकार रात्री तरसांनी केली होती. ओरडा ऐकून सिंह आले आणि त्यांनी ती काढून घेतली. १९६० च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी रात्र-रात्र जागून हेच या विवरात नोंदलं होतं: इथली तरसं बहुतेक खाणं स्वतः मारून मिळवतात, आणि सकाळी माणसं बघतात तो देखावा उलटा असतो.

टोळीची म्होरकी मादी होती, सगळ्यांत अंगानं भरलेली. तरसांत हुकमत मादीची असते. ती शेपूट उभारून पुढे आली, बाकीच्या तिच्या मागे. एक सिंहीण उठली, तरसं दहा पावलं मागे, पुन्हा पुढे. त्यांचं ते 'हसणं' आनंदाचं नसतं, दबावाखाली आलेल्या तरसाचा तो आवाज. तासभर हे चाललं. मग नर सिंहाचं पोट भरलं आणि तो सावलीला गेला. दोन सिंहिणींना तेवढी टोळी आवरेना. म्होरकीनं मागचा पाय धरून ओढला आणि पुढच्या वीस मिनिटांत तिथं ओल्या डागाशिवाय काही उरलं नाही. हाडंसुद्धा चावून गिळली. तरसाची विष्ठा चुन्यासारखी पांढरी दिसते ती त्या हाडांमुळं. दोन दिवस मी ती दगड समजून बघत होते असं नवऱ्याला वाटलं, म्हणून एक तुकडा गाइडनं काठीनं फोडून दाखवला, नुसती पूड.

चढ चढताना मी गाइडला विचारलं, तुला सगळ्यांत कोण आवडतं? तो म्हणाला, फिसी. तरस. लोक येतात, सिंह मागतात, मी दाखवतो. पण माझ्या सुट्टीच्या दिवशी मी तरसांच्या बिळापाशी जाऊन बसतो. पुढच्या वेळी आलात तर मामांना तिथं नेईन, पिल्लं काळी असतात.

*जाणाऱ्यांसाठी:* वाइल्डबीस्टची वासरं बघायची तर जानेवारी अखेर ते मार्चचा पहिला आठवडा; पावसावर दोन आठवडे मागेपुढे होतं. बॅग मऊ कापडाची घ्यावी, चाकांची कडक बॅग गाडीत बसत नाही. गाइडला द्यायचे डॉलर नव्या छापाचे आणि न फाटलेले असावेत. वेळ कमी असेल तर सेरोनेरा वगळा आणि ते दिवस न्डुटूला द्या, आणि त्यातली निदान एक अख्खी सकाळ एकाच कळपापाशी गाडी बंद करून बसा.